मुद्दाम वाकडी मारलेली टीप

हैदराबादची गाडी उमरग्याच्या स्टँडवर लागली, तेव्हा मायनं सगळ्यांदेखत माझ्या कुडत्याच्या डाव्या बाजूला हात दाबून बघितला. आदल्या दिवशी तिनं आतून एक खिसा शिवला होता आणि त्यात माझा पासपोर्ट होता. अण्णा, म्हणजे माझे वडील, उमरगा डेपोत ड्रायव्हर होते. ते माझ्याशी काही न बोलता गाडीच्या टायरवर बुटानं मारून हवा तपासत होते. ती गाडी त्यांची नव्हती, त्या दिवशी ते ड्युटीवरही नव्हते, पण दुसरं काय करावं हे त्यांना सुचत नसावं.

"मने, पासपोट हितंच ऱ्हाऊ दे. कुणाम्होरं भाईर काढू नकोस," माय म्हणाली. मग गाडी हलल्यावर खिडकीबरोबर चार पावलं चालत ओरडली, "अन् माणसं जोडून ऱ्हा गं! एकली बसू नकोस!"

विमानतळावर पासपोर्ट मागणाऱ्या माणसाला मी म्हणाले, "जरा तिकडं बघा." तो बिचारा मुकाट्यानं तिकडं बघू लागला. खिशाचं बटण सुटेना. मायची काजं अशीच असतात, एकदा लागलेलं बटण सहजासहजी निघत नाही. मागची रांग कुरकुरायला लागली. याला नऊ वर्षं झाली. तो कुडता आता घालण्याजोगा राहिलेला नाही, खिसा मात्र जसाच्या तसा आहे.

आमचं गाव उमरग्यापासून थोडं आत, कर्नाटकच्या शिवेला लागून. माय तिथली शिवणारी बाई. तिला सगळं गाव कमलकाकू म्हणायचं. एखादी बाई दारात उभी राहिली की माय डोळ्यांनीच माप घ्यायची, टेप नंतर, नुसती खात्री करायला. सुईत दोरा तर ती न बघता ओवायची, समोरच्या बाईशी बोलता बोलता. तिचा एकच नियम होता, कपडा आतून बघावा. वरून कुणीही नीट शिवतं, पण आतले दोरे गाठ मारून कापलेले असले तर तो खरा शिवणारा, असं ती म्हणायची. मी सोडलेल्या दोऱ्यांसाठी लहानपणी पुष्कळ बोलणी खाल्ली आहेत. आमच्या ओसरीवर दिवसभर कुणी ना कुणी बसलेलं असायचं, कुणी कापड घेऊन, कुणी नुसतंच. माणसं जोडावी लागतात हे त्या घरात मला कधी कळलंच नाही, कारण ती आधीपासूनच जोडलेली होती.

आयर्लंडमधल्या एका समुद्राकाठच्या शहरात, औषधाच्या कंपनीत, मी गोळ्या तपासते. तिथं गेल्यावर पहिला धक्का हा बसला की सगळेच गोड बोलतात आणि घरी कुणीच बोलवत नाही. माझ्या शेजारच्या टेबलावर बसणाऱ्या बाईला तीन मुलं आहेत हे मला दोन वर्षांनी कळलं. दोन वर्षं! आमच्याकडं एसटीत शेजारी बसलेल्या बाईची तीन मुलं, त्यांची शिक्षणं आणि धाकटीचं मोडलेलं लग्न नळदुर्ग यायच्या आत कळतं. शेवटी मी त्या शेजारणीलाच विचारलं, तुमच्याकडं मैत्रिणी कशा करतात? ती विचार करून म्हणाली, एखादा क्लास लाव. आमच्याकडं क्लास लावतात दहावीचा, बारावीचा, फार तर टायपिंगचा. मैत्रिणी मिळवायला शिकवणी लावायची, हे मी जन्मात ऐकलं नव्हतं.

पण लावली. तुमच्यापैकी जे कुणी बाहेर गेलेत ते हसणार नाहीत, त्यांना माहीत आहे.

पहिला क्लास मातीच्या भांड्यांचा. आठ जणांत मी एक. पहिल्याच दिवशी रिकाम्या हातानं कसं जायचं, म्हणून मी डबा भरून शेंगाची चटणी नेली आणि ज्वारीच्या पिठाची धपाटी. मायनं खास पाठवलेली चटणी, उखळात कुटलेली, तेल सुटलेली. टेबलावर डबा उघडून मी म्हणाले, घ्या. एकजण विचारू लागला यात काय आहे. मी म्हणाले, शेंगदाणे. त्याबरोबर शिकवणाऱ्या बाई खुर्चीवरून उठल्याच. एका पोरीला शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी होती, साधी नव्हे, श्वास अडकण्याइतकी. बाईंनी हातमोजे घातले, डबा उचलून थेट इमारतीच्या बाहेर नेऊन ठेवला, टेबल दोनदा पुसलं, खिडक्या उघडल्या. ती पोरगी कोट घालून निघून गेली. औषधाच्या कंपनीत काम करणारी मी, मला हे कळायला हवं होतं. मला इतकी लाज वाटली की पुढचे पाच आठवडे मी मान खाली घालून एकच वाटी करत बसले.

रविवारी सकाळी मी मायला फोन करायचे, तिच्याकडं तेव्हा दुपार असायची. चटणीची हकिगत मी तिला सांगितली.

"चटणीला भ्येतेत?" ती म्हणाली. "हातमोजं घालून उचलली? आगं, काय म्हणायलीस काय?"

तिला माझ्याहून मोठा धक्का बसला होता.

दुसरा क्लास गाण्याचा, तो गळ्यामुळं आणि वेळेमुळं जमला नाही. तिसरा शिवणाचा. म्हटलं, इथं तरी मी कमी पडणार नाही. पहिल्या दिवशी सगळ्यांनी आपापली ओळख करून दिली. एक म्हणाली मी सुईला घाबरते, एक म्हणाली मशीन बघूनच घाम येतो. माझी पाळी आली तेव्हा मी ताठ बसून सांगितलं, माझी आई शिवते, मला सगळं येतं. आणि करून दाखवलं. बाकीच्या उशीच्या अभ्र्याचं कापड कापत होत्या, तेवढ्यात माझा अभ्रा चेन लावून तयार. सगळ्यांनी वाहवा केली. मग त्या तिघी-चौघी एका टेबलाला जमल्या, एकमेकींच्या चुका दाखवून हसू लागल्या, एकीचा अभ्रा स्वतःच्याच बाहीला शिवला गेला त्यावर तर पोट धरून हसल्या. मी पलीकडच्या टेबलावर, तयार अभ्रा घेऊन. तिसऱ्या आठवड्यात बाई म्हणाल्या, तुला इथं शिकण्यासारखं काही नाही, तू पुढच्या वर्गात जा. पुढच्या वर्गात कुणीच नव्हतं, तो वर्ग भरलाच नाही.

"मग येतंय म्हणून सांगितलंसच कशाला?" माय फोनवर म्हणाली.

मी हसले. तो सल्ला आहे असं मला वाटलंच नाही.

चौथा क्लास पोहण्याचा. गावातली विहीरसुद्धा मी काठावरूनच बघितलेली. तरी पाण्यात उतरले. शेजारी नोरा नावाची एक बाई होती, साठीच्या पुढची, निवृत्त बस ड्रायव्हर. तिलाही पोहता येत नव्हतं. मी घाबरून तिचा दंड धरला आणि तिनं माझा. सहा आठवडे आम्ही एकमेकींना धरून बुडत राहिलो. आज त्या देशात मी कुणाच्या घरी न विचारता जाऊ शकते तर ते नोराचं घर. तो क्लास संपल्यावरच्या रविवारी मी मायला मोठ्या शहाणपणानं सांगितलं, "माय, तिकडं काही येत नसलं की माणसं जवळ येतात बघ. येत असलं की लांबून वाहवा करतात."

"आसं व्हय," माय म्हणाली.

या सगळ्याच्या मधे अण्णा गेले. मी आले, दिवस केले, परत गेले आणि सहा महिन्यांनी पुन्हा आले ते मायला गावातून हलवायला. तिचा रक्तदाब, गावात धड डॉक्टर नाही, मी एकुलती एक. धाराशिवला मी फार्मसीचं शिक्षण घेतलं होतं, गाव ओळखीचं, तिथं एक फ्लॅट घेतला. तिसरा मजला, लिफ्ट, दोन बाजूंनी वारा, हाकेच्या अंतरावर दवाखाना. मी भलतीच खूश होते. टेम्पो भरताना मशीन राहिलं होतं. मी म्हणाले, "हे कशाला? आता किती दिवस डोळे फोडणार? आराम कर." मशीन शेजारच्या सुनेला देऊन टाकलं. द्यायच्या आधी मायनं त्याला तेल घातलं, पदरानं चाक पुसलं, सुईजवळच्या दाबपट्टीखाली फडक्याचा तुकडा ठेवून ती पट्टी खाली सोडली. मग टेम्पोत पुढं बसली. मी विचारलं, "बरं वाटतंय ना?" ती म्हणाली, "बरं."

मी स्वतः उमरग्याहून निघाले त्या दिवसाची आठवण मी शंभर लोकांना सांगितली असेल. हा दुसरा दिवस मात्र मी कधी कुणाला निघण्याचा दिवस म्हणून सांगितला नाही. माझ्या लेखी ती कुठं गेलीच नव्हती, फक्त तिची सोय झाली होती.

त्यानंतर फोनवर माझे दोन प्रश्न ठरलेले. गोळी घेतली का? जेवलीस का? ती व्हय म्हणायची. मग मी माझं सांगायला सुरुवात करायचे, क्लास, नोरा, थंडी, पुन्हा क्लास. माय हुंकार देत ऐकायची. मला वाटायचं, तिचा वेळ जातोय.

गेल्या हिवाळ्यात मी न सांगता आले. हैदराबादहून गाडी धरून सकाळी अकराच्या सुमाराला धाराशिवला उतरले, जिना चढले (लिफ्ट बंद होती) आणि दाराला कुलूप. रोज अकराला ती देवपूजा उरकून टीव्हीसमोर असते, असं मीच मनात धरून ठेवलेलं होतं. समोरच्या फ्लॅटची जाळी किलकिली झाली.

"काकू क्लासला गेल्यात," आतली बाई म्हणाली.

"कुठल्या क्लासला?"

"शिवणक्लासला. रोजच जातात की. तुम्हाला माहीत नाही?"

नाही, मला माहीत नव्हतं. पण क्षणभरात माझा ऊर भरून आला. माझी माय शिकवायला जाते! मला न सांगता, म्हातारपणी, पुन्हा मशीनवर बसली! पत्ता विचारला, बॅग त्याच बाईच्या दारात टाकली आणि रिक्षा केली.

बाजारात एका भांड्याच्या दुकानावर शबाना मॅडमचा क्लास आहे. लांबट खोली, दोन्ही भिंतींना मशीनं, सात-आठ पोरी. मॅडम फळ्यावर घागऱ्याच्या कळीचं कटिंग काढत होत्या, त्यांची पाठ माझ्याकडं. माय शिकवताना कुठं दिसते म्हणून मी बघतेय, तर ती कोपऱ्यात स्टुलावर बसलेली. तिच्याजवळ एकोणीस-वीस वर्षांची पोरगी, पूजा तिचं नाव हे नंतर कळलं, मायचं बोट धरून तिला सुईत दोरा ओवायला शिकवत होती.

"आसं न्हाय ओ काकू. टोक जरा वलं करा, मग घाला."

"आसं?" माय म्हणाली. दोरा सुईच्या बाजूनं गेला.

"न्हाय ओ! जाऊ द्या, आणा हिकडं."

मी दारातच थांबले. जी बाई न बघता दोरा ओवायची, तिला सुईचं नेढं दिसत नव्हतं. माझं डोकं औषधाच्या कंपनीतलं, ते भलतीकडंच धावलं. हाताला कंप? मेंदूत काही? विसरायला लागली का? कधीपासून? मी फोनवर काय ऐकत होते मग इतके दिवस? दारालगतच्या टेबलावर एक झबलं पडलं होतं, त्यावर पेनानं लिहिलेलं, कमलकाकू. मी ते उचललं. टीप अशी वाकडी की बघवेना, काखेपासून खालपर्यंत नुसती लटपटत गेलेली.

सवयीनं मी ते उलटं केलं.

आतून ते झबलं स्वच्छ होतं. प्रत्येक दोऱ्याला गाठ, प्रत्येक टोक कापलेलं, कडा दुमडून घेतलेल्या. वरची टीप वाकडी होती, पण एकेक टाका सारख्या लांबीचा. हात बिघडलेल्या माणसाला असं शिवता येत नाही. मायनं ते मुद्दाम वाकडं शिवलं होतं. वरून तिला खोटं बोलता आलं, आतून आलं नव्हतं.

इथं मी गप्प बसायला हवं होतं. ते मला कधीच जमलेलं नाही.

"माय!" मी ओरडले. "हे काय चाललंय? तू आणि दोरा ओवायला शिकतेस? अहो मॅडम, हिनं तीस वर्षं आमच्या अख्ख्या गावाची ब्लाउजं शिवलीत! नवरीचे घागरे शिवलेत! हिला तुम्ही झबलं शिकवताय?"

मशीनं थांबली. सगळ्या पोरी आधी माझ्याकडं आणि मग मायकडं बघू लागल्या. मला वाटलं होतं की आता वाहवा होईल. पूजानं मायचं बोट सोडलं. तिचं तोंड लालबुंद झालं.

"व्हय का काकू?" ती हळू म्हणाली. "खरंच येतंय तुम्हाला?"

मायनं पिशवी घेतली, चष्मा पिशवीत टाकला आणि माझ्याजवळून जिना उतरून गेली. मी आल्याचा आनंद तिच्या तोंडावर यायला जागाच मी ठेवली नव्हती.

रिक्षात ती रस्त्याकडं बघत बसली. घरी येऊन मला पाणी दिलं, चहा टाकला, तोंडावरून हात फिरवून "वाळलीस" म्हणाली. मग चहाचा कप माझ्यासमोर ठेवून ती खाली फरशीवर बसली.

"तूच म्हणली व्हतीस की," ती म्हणाली. "काही येत नसलं की माणसं जवळ येतेत."

माझे स्वतःचे शब्द होते ते, मी मोठ्या ऐटीत बोललेले.

"हितं आल्यावर पैलं वरीस म्या दार उघडं ठिवून बसायची," माय सांगू लागली. "कुणी येईना. लिफ्टमधी बाया भेटतेत, हासतेत, दार लावून घेतेत. मग तू तुझ्या किलासाचं सांगायलीस. म्या म्हणलं, पोरगी परमुलकात जाऊन करायलीय, आपुनबी करून बघावं. दुसरं काय लावणार? गाणं का पवणं? शिवण लावलं. पर येतंय म्हणून सांगितलं असतं तर ब्लाउजं टाकून गेल्या असत्या, बसल्या नसत्या. आठ म्हयने झाले. पोरी झबल्यापस्नं ब्लाउजावर गेल्या, म्या झबल्यावरच. झबलं सरळ आलं की फ्रॉक, फ्रॉक आला की ब्लाउज, ब्लाउज आला की सर्टिफिकिट देतेत अन् घरी धाडतेत. मग म्या काय करू घरी?"

"मला सांगितलं का नाहीस?"

"तू गोळी घेतली का इचारायचीस," माय म्हणाली. "घेतली व्हती. घेतली म्हणलं."

तिनं ते जराही टोचून म्हटलं नाही. टोचून म्हणाली असती तर मी भांडले असते, भांडायला मी पटाईत आहे. चहा तसाच निवला. नऊ वर्षं मी परक्या देशात एकटं पडण्याच्या कहाण्या तिला ऐकवत होते, आणि ऐकणारी बाई माझ्यापेक्षा एकटी होती, ती सुद्धा मीच हौसेनं नेऊन ठेवलेल्या जागी. मी रडले. मायनं रडू दिलं आणि भाकरी करायला उठली.

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता ती क्लासला गेली नाही. टीव्ही लावला, आवाज बंद ठेवला. बारा वाजता उठून तिनं धुतलेली भांडी पुन्हा धुतली. मला ते बघवेना. मी एकटीच शबाना मॅडमकडं गेले. माफी मागायला तोंड उघडलं तर त्यांनीच स्टूल पुढं केलं.

"मला पहिल्याच दिवशी कळलं होतं," त्या म्हणाल्या. "मीबी बावीस वर्षं शिवायलेय. झबलं उलटं करून बघितलं. अशी सफाई मला येत न्हाय."

"मग तुम्ही बोलला का नाहीत?"

"काय बोलायचं? त्या शिकायला येतच नव्हत्या. ह्या पोरींच्या बाजूला बसायला यायच्या. बसू दिलं." मग म्हणाल्या, "पोरी मात्र नाराज हायेत. पूजा तर लई. तिला वाटतंय काकू मनातल्या मनात हसत असतील. त्यांना म्हणावं, या. आता शिकवायलाच या. माझं बी काम हलकं व्हईल."

मी पळत घरी आले. सगळं निभावलं असंच मला वाटलं. मायनं शांतपणे ऐकलं आणि मान हलवली.

"न्हाई. मास्तरीण झाले की पोरी उठून हुभ्या ऱ्हातेल. म्होरं बसायचं न्हाई मला. बाजूला बसायचंय."

मी कपाळाला हात लावला. इतकी मोठी कारागीर आणि तिला मान नको होता, पोरींच्या मधलं एक स्टूल हवं होतं. ते मी एका वाक्यात काढून घेतलं होतं.

चौथ्या दिवशी दुपारी दाराची बेल वाजली. पूजा होती. हातात मायची कात्री, क्लासात राहिलेली. आत यायला तयार नव्हती. माय दारात गेली.

"काकू, तुम्ही आम्हाला येड्यात काढलं," पूजा म्हणाली.

"व्हय," माय म्हणाली. "काढलं बाई."

"मी तुमचं बोट धरून शिकवायले, अन् तुम्ही…"

"ते मला ग्वाड लागायचं."

पूजाचा राग बसायला जागा शोधत होता आणि मिळत नव्हती. मग ती एकदम म्हणाली, "आरी वर्क येतं का तुम्हाला? खरं सांगा."

आरी वर्क म्हणजे हल्ली नवरीच्या ब्लाउजावर चौकटीत कापड ताणून, आकड्याच्या सुईनं मण्यांची नक्षी काढतात ते. मायच्या काळात आमच्या गावात ते नव्हतं.

"न्हाई येत."

"शपथ?"

"तुळजाभवानीची शपथ."

पूजाचा विश्वास बसेना. तिनं पिशवीतून लाकडी रिंग काढली, त्यात फडकं ताणलं, आकड्याची सुई मायच्या हातात दिली आणि फरशीवर समोर बसली, परीक्षा घ्यायला. मीही बसले. मायनं सुई वरून खुपसली, खालून दोरा अडकवला आणि वर ओढला. दोरा सुटला. पुन्हा ओढला, पुन्हा सुटला. तिसऱ्या वेळी कापडाला भोक पडलं. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या मायच्या हातून सुई चालेना. ती हबकून स्वतःच्या बोटांकडं बघू लागली.

"आगं बाई," ती म्हणाली. "खरंच येईना की!"

आणि हसायला लागली. पूजा आधी तिच्याकडं संशयानं बघत राहिली, मग तिनं रिंग उलटी करून मागची बाजू बघितली. मागं नुसता गुंता होता. तेव्हा कुठं तिची खात्री पटली. तिनं मायचं बोट धरलं. "आसं न्हाय काकू," ती म्हणाली, "दोरा खालून हितं धरायचा."

दोन आठवड्यांनी मी परत निघाले. हैदराबादची गाडी साडेअकराची. सकाळपासून मी मनात ठरवत होते की स्टँडवर रडायचं नाही. साडेदहाला माय साडी नेसून, पिशवी घेऊन तयार. मी बॅग उचलली तर ती म्हणाली, "मने, पूजासंगं माझा आरीचा किलास अकराला हाय. आज मणी लावायला सांगणार हायेत. तू रिक्षानं जातीस न्हवं?"

मी आयर्लंडला निघाले होते, बाजारात नव्हे. पण तिनं माझ्या जाकिटाच्या डाव्या बाजूला हात दाबून पासपोर्ट आहे याची खात्री केली, तोंडावरून हात फिरवला, आणि माझ्या आधी जिना उतरून गेली. खिडकीबरोबर चालणारं कुणी नसलेली गाडी मी पहिल्यांदाच धरली. उमरग्यापर्यंत मला मनातून राग होता. उमरग्याला गाडी दहा मिनिटं थांबली, तेव्हा अण्णा जिथं टायर तपासत उभे होते ती जागा बघितली आणि राग गेला. कुणीतरी माझी वाट बघत बसलेलं असतं ते घर, असं मी नऊ वर्षं धरून चालले होते. त्या वाट बघण्याला मी प्रेम म्हणत आले, आणि ती बघणाऱ्या माणसाला ती वाट किती लांब वाटते हे कधी विचारलं नाही.

गेल्या महिन्यात तिनं एक ब्लाउज पाठवला. पाठीवर आरीचा मोर. मोराची मान भलतीकडं वळलेली, एका पायाचे मणी निसटलेले. मी उलटा करून बघितला. आतून पण गुंताच आहे. नोराला तो मी मोठ्या अभिमानानं दाखवला आणि तिला काही कळलं नाही.

रविवारी आता मी गोळीचं शेवटी विचारते. आधी विचारते, "माय, ह्या आठवड्यात काय चुकलं?"

"थांब, सांगते," ती म्हणते. "पर लौकर ऐक हां, पूजा खाली आलीय. लई चुकलंय, मने. लईच चुकलंय!"